गाडी हॉट आहे, पण कूलंट कुठाय?

शुक्रवारची संध्याकाळ. औंधच्या राजीव गांधी पुलावर ट्रॅफिकने नेहमीप्रमाणे बसकण मारलेली. शेजारच्या स्कूटीवरची कॉलेजकन्यका माझ्या छत उघडलेल्या लाल टू-सीटरकडे डोळे मोठ्ठे करून बघतेय. मी उगाचच गॉगल वर सरकवते. एकदम फिल्मी सीन! आणि त्याच क्षणी बॉनेटच्या फटीतून पांढऱ्या वाफेची एक रेघ वर जाते... पुढच्या दहा सेकंदांत आमच्या गाडीचं इडलीपात्र झालेलं असतं. कॉलेजकन्यका गालात हसून पुढे निघून जाते.

मी बॉनेट उघडलं, ओढणीचा बोळा केला आणि रेडिएटरच्या कॅपला हात घालणार, एवढ्यात मागून रिक्षावाला ओरडला, ‘‘ओ ताई, हात लावू नका! तोंड भाजून घ्याल!’’ त्याचं नाव-गाव विचारायचं राहूनच गेलं, पण या लेखाचा अर्धा मान त्याचाच. कारण तापलेल्या रेडिएटरमध्ये पाणी नुसतं गरम नसतं, दाबाखाली असतं. कॅप सैल झाली की दाब सुटतो आणि उकळतं पाणी कारंज्यासारखं अंगावर येतं. कॅप उघडायची ती इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. अर्धा तास थांबावं लागलं तर थांबायचं. चहा प्यायचा. फोनवर मैत्रिणीला सांगायचं, की मी आज डिनरला येत नाही. मी हे सगळं केलं.

आता गाडीविषयी. ती माझी नाही, म्हणजे कागदोपत्री आहे, पण मनाने मामाचीच आहे. मामा गोव्यात फोंड्याला असतो. तिचं नाव सॅन स्टॉर्म. ऐकलं नसेल तर लाजू नका, नव्वद टक्के पब्लिक ‘ही कुठली इम्पोर्टेड?’ असंच विचारतं. इम्पोर्टेड वगैरे काही नाही बॉस, आपल्या गोव्यात बनलेली आहे! रेल्वेची इंजिनं बनवणाऱ्या बंगळुरूच्या सॅन कंपनीने नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी ही छोटी, छत उघडणारी टू-सीटर काढली. बॉडी फायबर ग्लासची आणि इंजिन फ्रान्सच्या रेनॉचं, ११४९ सीसीचं, साठेक हॉर्सपॉवरचं. तिकडे हेच इंजिन रेनॉच्या ट्विंगो नावाच्या चिमुकल्या गाडीत असायचं. साठ हॉर्सपॉवरला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, यावर माझे मित्र अजून भांडतात. भांडू देत. (बाय द वे, २०१२ च्या ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रिया यांनी दाखवलेल्या डीसी अवंतीतही इंजिन रेनॉचंच होतं. आपल्या देशी स्पोर्ट्स कारचं आणि फ्रेंचांचं काय गूळपीठ आहे कोण जाणे!)

तर मामाने ही गाडी २००१ मध्ये घेतली आणि दोन वर्षांपूर्वी, ‘‘आता माझ्या गुडघ्यांना हिच्यात शिरणं जमत नाही गो,’’ म्हणत चावी माझ्या हातात ठेवली. गोव्याची एनओसी, इकडचा टॅक्स, नवा एमएच नंबर, हे सगळं मी हौसेने केलं. पंधरा वर्षांवरची गाडी म्हणून दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं, तेही कबूल केलं. मामाची अट एकच होती. दर रविवारी फोन करायचा आणि विचारायचं, ‘‘पाणी बघतेस ना?’’

मी म्हणायचे, ‘‘हो रे मामा.’’

बघत होते, हे खरं आहे. सोमवारी सकाळी बॉनेट उघडायचं, पाणी कमी दिसायचं, मग सोसायटीच्या नळावरून बिसलेरीची रिकामी बाटली भरायची आणि ओतायची. झालं काम! आमची सोसायटी नवी सांगवीत, पीडब्ल्यूडी मैदानाच्या अलीकडे. वापरायचं पाणी बोअरचं. त्या पाण्याने बाथरूमच्या नळांवर जो पांढरा थर चढतो, तो मी दर महिन्याला व्हिनेगर लावून घासते. तेच पाणी मी चार महिने इंजिनात ओतत होते आणि माझ्या डोक्यात ट्यूब काही पेटली नाही.

माझ्या बचावात एवढंच सांगते, की आमच्या घरात हे संस्कारच होते. बाबांच्या प्रीमियर पद्मिनीच्या डिकीत पाच लिटरचा कॅन कायम असायचा. बोरघाट चढताना गाडी तापणार, अमृतांजन पुलाच्या आसपास बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं, आईने डब्यातले पराठे काढायचे, हा आमच्या प्रवासाचा भागच होता. पूल २०२० मध्ये पाडला, पद्मिनीही कधीच गेली. पण ‘गाडी तापली की पाणी घाल’ हे डोक्यात जे बसलं ते बसलंच.

‘हेड खोलावं लागेल मॅडम’

पुलावरच्या तमाशानंतर गाडी टो करून एका गॅरेजला नेली. नाव सांगत नाही. तिथल्या मेकॅनिकने पाच मिनिटं बघितलं आणि थर्मोस्टॅटच काढून टाकला. ‘‘मॅडम, हा पार्ट बर्फाच्या देशातल्या गाड्यांसाठी असतो. आपल्याकडे लागत नाही.’’ मी मान डोलावली. मास कॉमला थर्मोस्टॅट कुठे शिकवतात?

नंतर कळलं ते असं. थर्मोस्टॅट म्हणजे मेणावर चालणारा एक छोटा दरवाजा. इंजिन थंड असेपर्यंत तो बंद राहतो, पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरतं आणि ते लवकर गरम होतं. साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान, प्रत्येक इंजिनाप्रमाणे, तो उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. काढून टाकला तर इंजिन बराच वेळ थंडच राहतं, पेट्रोल जास्त खातं, झीजही वाढते. तो बिघडून बंदच अडकला असेल तर गाडी नक्की तापते, पण मग बदलायचा असतो, फेकायचा नसतो. आणि माझा तर बिघडलेलाच नव्हता!

आठवड्याभरात कासारवाडीच्या सिग्नलला पुन्हा काटा लालकडे. पुन्हा तेच गॅरेज. यावेळी चेहरा गंभीर. ‘‘हेड गॅस्केट गेलंय. हेड खोलावं लागेल मॅडम. पस्तीस हजार धरून चाला. पार्ट मिळाला तर.’’

त्या ‘तर’ने माझी झोप उडवली. ट्विंगो आपल्याकडे कधी विकलीच गेली नाही, त्यामुळे इंजिनाच्या आतला पार्ट परदेशातून पार्सलने मागवायचा. पस्तीस हजार म्हणजे माझ्यासारख्या फ्रीलान्सरचे सात-आठ लेख, आणि चेक येणार साठ दिवसांनी. त्यात एकदा हेड उघडलं आणि ते वाकलेलं निघालं, तर गाडी कायमची ताडपत्रीखाली. दिवाळीला मामा येणार होता. त्याला काय दाखवणार, ताडपत्री?

ऑफिसातला एक मित्र म्हणाला, सेकंड ओपिनियन घे ना, डॉक्टरांच्या बाबतीत घेतो तसं. त्याने पिंपळे गुरवच्या बाजूला एका गल्लीतल्या काकांचा पत्ता दिला. पत्र्याची शेड, बाहेर बोर्ड नाही, दारात एक झोपाळू कुत्री आणि तिची तीन पिल्लं. काकांनी पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं इंजिन टेस्टिंगवर काढली, मग व्हीआरएस घेतली. आपल्या या पट्ट्याचं हे एक बरं असतं. आकुर्डी-पिंपरीपासून चाकणपर्यंत इतके गाड्यांचे कारखाने आहेत, की दर तिसऱ्या गल्लीत इंजिनाची नाडी कळणारा एक माणूस रिटायर होऊन बसलेला असतो.

काकांनी गाडीला हातही लावला नाही. स्टुलावर बसून प्रश्न विचारायला लागले.

‘‘तापते कधी? पळताना की उभी असताना?’’

‘‘उभी असताना. ट्रॅफिकमध्ये. एक्स्प्रेस-वेवर काटा मधोमध असतो.’’

‘‘घाटात?’’

‘‘घाटातही पळती असली तर ठीक.’’

‘‘मग बाळा, हेडची गोष्ट आत्ताच कशाला काढायची?’’

मग त्यांनी समजावलं. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा रेडिएटरला थंड करतो. उभी असते तेव्हा ते काम फॅनचं. म्हणजे पळताना ठीक आणि उभी असताना ताप, तर आधी वाऱ्याकडे बघायचं, फॅनकडे. उलट, स्पीडला किंवा चढावर तापत असेल तर पाण्याच्या फिरण्याकडे बघायचं. वॉटर पंप, तुंबलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट. ही रेघ काही अगदी पक्की नाही, पण पहिला पाना कुठे लावायचा ते त्यावरून कळतं. एवढा साधा प्रश्न आधीच्या गॅरेजने मला विचारलाच नव्हता. त्यांनी गाडीचा रंग बघितला, मला बघितलं आणि आकडा सांगितला.

पाणी गेलं कुठे?

‘‘पण काका, पाणी कमी होतंय त्याचं काय? खाली थेंबही पडत नाही.’’

काका पहिल्यांदाच हसले. ‘‘आता बरोबर प्रश्नाला आलात. पाणी कमी झालं म्हणून गाडी तापते, की गाडी तापते म्हणून पाणी कमी होतं?’’

अंडं आधी की कोंबडी! पण इथे उत्तर काढता येतं, तेही एका पंपाने. सायकलच्या पंपासारखा दिसणारा प्रेशर टेस्टर त्यांनी थंड गाडीच्या रेडिएटरवर कॅपच्या जागी बसवला आणि एक बारपर्यंत हवा भरली. मग चहा मागवला. दहा मिनिटांत काटा किंचित उतरला. काकांनी टॉर्च घेऊन खाली बघितलं. खालच्या होज पाइपच्या क्लिपजवळ पांढरट कड, मिठासारखी. थेंब जमिनीवर पडायच्या आत गरम इंजिनावर वाळून जायचा, म्हणून मला कधी दिसला नाही. पण ही गळती अगदीच किरकोळ होती. आठवड्याला बाटलीभर पाणी त्यातून जाणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या नंबरवर कॅप. दीडशे-दोनशे रुपयांची ही वस्तू मी झाकण समजत होते. तो खरं तर कुकरच्या शिट्टीसारखा व्हॉल्व्ह आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांवर उकळतं, पुण्याच्या उंचीवर ९८च्या आसपास. पण बंद सिस्टीममध्ये एक बारचा जादा दाब राखला, तर तेच पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. त्यात निम्मं कूलंट असेल तर आणखी वर. हा दाब राखायचं काम कॅपचं. माझ्या कॅपचं रबर वाळून कडक झालं होतं. टेस्टरवर लावली तर अर्ध्या बारलाच तिने शिट्टी दिली! म्हणजे गाडी जरा तापली, की पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर आणि वाफ होऊन गायब. पुलावरची ती रेघ हीच.

मग माझ्या मनातल्या राक्षसाची टेस्ट. हेड गॅस्केट गेलं असेल तर इंजिनाच्या आत जळलेला वायू पाण्यात शिरतो. ते ओळखायला निळं औषध भरलेली एक नळी रेडिएटरच्या तोंडावर धरून चालू इंजिनावरची हवा त्यातून ओढतात. कार्बन डायऑक्साइड असेल तर निळ्याचं पिवळं होतं. काकांनी ऑइलचं झाकण उघडून आत दह्यासारखं काही जमलंय का तेही पाहिलं, सायलेन्सरच्या धुराचा वास घेतला. मी मात्र त्या नळीवरून नजर हलवली नाही. बारावीचा रिझल्ट बघतानाही एवढी टरकली नव्हती.

निळं. शेवटपर्यंत निळं!

आता इंजिन चालूच ठेवलं. काकांनी बंदुकीसारखा थर्मामीटर काढला. कोविडमध्ये मॉलच्या दारात कपाळावर रोखायचे ना, तसलाच, पण जरा दांडगा. ९०, ९५, १०१... फॅन मख्ख. त्यांनी बॅटरीवरून दोन तारा थेट फॅनला दिल्या. फॅन घर्रर्र करून फिरला. म्हणजे मोटर जिवंत. मग एक तार काढून घेतली. पॉझिटिव्ह गाडीचाच, फक्त निगेटिव्हला बॅटरीची नवी तार. फॅन पुन्हा घर्रर्र!

‘‘अर्थिंग,’’ काका म्हणाले आणि एवढंच म्हणून सँडपेपर शोधायला गेले.

हा भाग मला सगळ्यात भारी वाटला. साध्या गाडीची बॉडी लोखंडी पत्र्याची असते. दिवा असो की फॅन, करंट त्यातून जाऊन बॉडीतूनच बॅटरीकडे परत येतो, त्यामुळे निगेटिव्हची तार जवळच्या पत्र्याला टेकवली की झालं. पण फायबर ग्लासमधून वीज जात नाही! म्हणून अशा गाडीत प्रत्येक अर्थिंगची तार ओढत नेऊन खालच्या लोखंडी चासीला बोल्टने जोडावी लागते. बॉडी गंजत नाही म्हणून आपण खूश, आणि गंज सगळा त्या बोल्टाखाली. फॅनच्या तारेचा बोल्ट काढला तर खाली हिरवी-तपकिरी पावडर. करंटला घरी परतायचा रस्ताच नव्हता.

म्हणजे साखळी अशी. अर्थिंग गेलं म्हणून फॅन बंद. फॅन बंद म्हणून ट्रॅफिकमध्ये ताप. ताप वाढला की म्हाताऱ्या कॅपने पाणी सोडून द्यायचं. पाणी कमी झालं की पुढच्या सिग्नलला गाडी आणखी लवकर तापायची. आणि दर सोमवारी मी येऊन त्यात बोअरचं पाणी ओतायचं, म्हणजे लक्षण झाकलं जायचं आणि आजार चालू राहायचा.

काकांनी बोल्टकडे पुन्हा निरखून बघितलं. ‘‘याला आधी कोणीतरी हात लावलाय. हा बोल्ट ओरिजिनल नाही.’’

मी मामाला फोन लावला. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, ‘‘लावला ना. मीच. २०११ त फॅन बंद पडला होता. गोव्याची हवा गो, खारी. वहीत लिहिलंय मी.’’

‘‘कुठली वही?’’

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मामा म्हणाला, ‘‘डॅशबोर्डच्या कप्प्यात.’’

दोन वर्षं त्या कप्प्यात मी सनस्क्रीन आणि टोलच्या पावत्या कोंबत होते. त्याच्याखाली निळ्या कव्हरची शंभरपानी वही. तारीख, किलोमीटर, काय केलं. कूलंट किती घातलं ते मिलिलिटरमध्ये. वर्षाला कुठे दोनशे, कुठे अडीचशे. आणि २०११च्या पावसाळ्यातली एक ओळ, की फॅन फिरेना, अर्थ साफ केली, नवा बोल्ट, दर दोन वर्षांनी बघणे. शेवटचे तीन शब्द अधोरेखित! काकांनी वही वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘‘या माणसाला मला भेटायचंय.’’

माझं पाप

आता राहिला बोअरच्या पाण्याचा हिशोब. रेडिएटर मामानेच मागे एकदा बदलून घेतलेला, त्यामुळे जुना म्हणता येणार नाही. पण थर्मामीटर त्याच्यावरून फिरवला तर मधला पट्टा गरम आणि कोपरे बरेच गार, म्हणजे तिथून पाणी फिरतच नव्हतं. आत क्षार आणि गंज. ड्रेन उघडल्यावर जे निघालं त्याला पाणी म्हणायचं की कटिंग चहा, हा प्रश्न होता.

‘इथे बर्फ कुठे पडतो, कूलंट कशाला?’ हा डायलॉग मीही मारला आहे. पण गोठू न देणं हे कूलंटचं एक काम झालं. ते उकळायची पातळी वर नेतं आणि त्यातली रसायनं आतल्या धातूला गंजू देत नाहीत. आपल्याकडे खरं काम हेच. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळायचं, डब्यावर दिलेल्या प्रमाणात, आणि हिरवं-गुलाबी रंग बघून एकात एक ओतायचं नाही, कारण रंगाचा काही नियम नसतो. आणखी एक. इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी. काकांनी ड्रेनखाली बादली लावायच्या आधी ती तिन्ही पिल्लं उचलून शेडच्या मागे नेऊन ठेवली, एक शब्दही न बोलता.

रेडिएटर दोनदा केमिकलने धुतला, नवी कॅप, नव्या क्लिपा, फॅनची अर्थिंग साफ करून बोल्टला ग्रीस, नवा थर्मोस्टॅट (तो मात्र बाहेरून मागवावा लागला, बारा दिवस वाट बघितली). सगळं मिळून सहा हजार चारशे. अर्थिंगचे काकांनी किती लावले? दीडशे रुपये!

निघताना त्यांनी एक गोष्ट दोनदा बजावली, तीच इथे देते. काटा लालच्या जवळ जाऊन अचानक खाली आला तर सुटकेचा श्वास सोडू नका. कदाचित पाणी इतकं उतरलंय, की सेन्सर नुसत्या वाफेत लटकतोय आणि खोटं सांगतोय. गाडी तिथल्या तिथे बंद करायची. एसी तर त्याआधीच बंद. गाडीला हीटर असेल तर थांबायला जागा मिळेपर्यंत तो फुल्ल चालू करायचा, थोडी उष्णता आत खेचली जाते. घाम येईल, येऊ दे. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी कधीच नाही, हेड तडकतं. मीटिंगला उशीर झाल्याचं बॉसला सांगता येतं, वाकलेलं हेड सरळ करायला मशीन शॉप शोधावं लागतं.

दिवाळीत मामा आला. गुडघे सांभाळत, कुरकुरत आत शिरलाच. आम्ही मुद्दाम संध्याकाळी सातला निघालो, सांगवी फाट्याला, जिथे त्या वेळी पायी जाणारे गाड्यांना ओव्हरटेक करतात. मी गाणी लावली तर त्याने हात पुढे करून बंद केली. काटा हळूहळू अर्ध्याच्या वर सरकला. आणखी थोडा. माझा पाय आपोआप ब्रेकवर घट्ट. मग समोरून घर्रर्र आवाज आला, काटा थबकला आणि परत फिरला. मामा काहीच बोलला नाही. कप्पा उघडला, सनस्क्रीन माझ्या मांडीवर ठेवलं, वही काढली आणि पेन मागितलं.

माझ्याकडे पेन नव्हतं. जर्नालिस्ट म्हणे!